खेळणारी एकच, मग संगणक दोन कशाला?

प्रश्न : मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला व्हॅलोरंटसारखे खेळ खेळायचे असतात आणि खेळता खेळता ते यूट्यूबवर थेट दाखवायचेही असतात. तयार संगणक घेण्यापेक्षा सुटे भाग घेऊन जुळवून घ्यावा असं ठरलं. तीन दुकानांतून कोटेशनं आणली. एकजण म्हणतो, दोन कामं एकदम करायची तर आय-नाइनच हवा. दुसरा म्हणतो, खरे स्ट्रीमर दोन संगणक ठेवतात, एक खेळायला आणि एक प्रक्षेपणाला. तिसऱ्याच्या कोटेशनमध्ये रंगीत दिव्यांच्या पंख्यांनाच मोठी रक्कम लागली आहे. माझी साधी शंका अशी, की खेळणारी एकच आणि पडद्यावरचं चित्रही एकच. तेच चित्र चार लोकांना दाखवायला एवढी जादा ताकद कशाला लागते?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर तिन्ही कोटेशनांपेक्षा स्वस्त पडेल.

आधी आकडे बघू. फुल एचडी पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात 20 लाख 73 हजार 600. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एक चित्र 62 लाख बाइटचं होतं. सेकंदाला अशी 60 चित्रं पाठवायची म्हटली, तर दर सेकंदाला जवळपास 3000 मेगाबिट माहिती घराबाहेर पडायला हवी. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळाची 1080पी आणि 60 फ्रेमसाठीची शिफारस आहे 6000 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 6 मेगाबिट. यूट्यूब याहून जास्त घेतं, पण फार वेगळ्या पातळीवर नाही. तेव्हा मूळ चित्राचा साधारण पाचशेवा हिस्सा ठेवायचा, बाकीचा टाकायचा आणि बघणाऱ्याला ते कळू द्यायचं नाही, तेही सेकंदाला 60 वेळा. या आकुंचनाला एन्कोडिंग म्हणतात. रेडिओवरचा समालोचक दर चेंडूला अख्ख्या मैदानाचं वर्णन पहिल्यापासून करत नाही, बदललं तेवढंच सांगतो. एन्कोडरही मागच्या चित्रातलं काय कुठे सरकलं तेवढंच नोंदवतो. ते शोधून काढायला मात्र भरपूर हिशेब करावा लागतो. तुम्ही विचारता ती ताकद इथे खर्च होते.

आता हा हिशेब करायचा कोणी? दहा-बारा वर्षांपूर्वी उत्तर एकच होतं, प्रोसेसरने. एक्स-264 नावाचा सॉफ्टवेअर एन्कोडर प्रोसेसरवर चाले, आणि तेव्हाच्या घरगुती प्रोसेसरांत चार कोअर असत. त्या चारांवर खेळही चालवायचा आणि एन्कोडिंगही करायचं, तर दोन्हींचे हाल होत. म्हणून पैसेवाले स्ट्रीमर दुसरा संगणक घेत आणि कॅप्चर कार्ड लावून पहिल्याचं चित्र त्यात ओढून घेत. 2017मध्ये एएमडीचे आठ कोअरचे रायझन बाजारात आले आणि एकाच संगणकावर दोन्ही कामं परवडू लागली. ‘स्ट्रीमिंग म्हणजे मोठा प्रोसेसर’ हा सल्ला त्या काळातला. तेव्हा तो बरोबरच होता.

मात्र पुढच्याच वर्षी पारडं फिरलं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत 2012पासून एनव्हेंक नावाचा वेगळा एन्कोडर असतो. चिपच्या एका कोपऱ्यातला हा भाग फक्त व्हिडिओ आकुंचित करतो. खेळातलं चित्र रंगवणारे भाग निराळे असतात. सुरुवातीची काही वर्षं त्याचं चित्र खरखरीत यायचं, म्हणून जाणकार त्याला नाक मुरडत. 2018च्या ट्युरिंग पिढीत, म्हणजे आरटीएक्स 20 मालिकेत, तो इतका सुधारला की एक्स-264च्या ‘मीडियम’ दर्जाच्या जवळपास पोहोचला. 2022च्या आरटीएक्स 40 मालिकेपासून त्याला एव्ही1 हा नवा प्रकारही जमतो. तेवढ्याच बिटरेटमध्ये एव्ही1चं चित्र जास्त स्वच्छ दिसतं, आणि यूट्यूब तो थेट प्रक्षेपणात स्वीकारतं. इंटेलच्या आर्क आणि एएमडीच्या आरएक्स 7000 व पुढच्या कार्डांतही एव्ही1 आहे.

म्हणून मुलीच्या संगणकात प्रक्षेपणाचं काम ग्राफिक्स कार्डातला हा कोपरा करील, आणि खेळाच्या वेगावर त्याचा परिणाम अगदी थोडा होईल. दुसरा संगणक नको. आय-नाइनही नको. सहा कोअरचा रायझन 5 7600 किंवा त्याच्या तोडीचा इंटेलचा आय-फाइव्ह पुरेसा आहे. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो हे खरं, पण त्याला हवे असतात थोडे आणि वेगवान कोअर. चोवीस कोअरचा ताफा तिथे रिकामा बसून राहतो. एएमडीचा एएम5 सॉकेट घेतला तर तीन-चार वर्षांनी मदरबोर्ड तोच ठेवून वरचा प्रोसेसर बसवता येईल. एएम5साठीचा पाठिंबा 2027 आणि पुढेही चालू ठेवू असं कंपनीने जाहीर केलेलं आहे.

इंटेल घेतलात तर नावामागचं अक्षर वाचा. आय-फाइव्हच्या आकड्यामागे ‘एफ’ असेल, तर त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसतं आणि त्यासोबत येणारा क्विक सिंक हा इंटेलचा एन्कोडरही नसतो. कार्ड घेणारच आहात, त्यामुळे एफ चालेल आणि तो स्वस्तही पडतो. फक्त कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं, की पडदा काळा.

कार्ड निवडताना एका सापळ्यापासून जपा. एकाच नावाखाली दोन वेगळे माल विकले जातात. 2025मध्ये आलेलं आरटीएक्स 5060 टीआय 8 जीबी मेमरीतही मिळतं आणि 16 जीबीतही. एएमडीच्या आरएक्स 9060 एक्सटीचंही तेच. खोक्यावर नाव सारखं आणि कोटेशनमध्ये दुकानदार नुसतंच ‘5060 टीआय’ लिहितो. केवळ व्हॅलोरंट खेळायचं तर साधं 8 जीबीचं 5060सुद्धा भागवेल. सायबरपंक 2077सारखे जड खेळ खेळायचे असतील, तर 8 जीबी आजच तोकडं पडतं आणि 16चे जादा पैसे सार्थकी लागतात. मुलीला विचारा की पुढची दोन वर्षं काय खेळणार आहे. तिचं उत्तर दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा कामाचं ठरेल.

रॅम 16 जीबीत काम चालतं, पण खेळ, प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर ओबीएस, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड एकदम उघडे असले की ओढाताण होते, 32 बरी. पंचाईत अशी, की 2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा मोठा ओघ वळला. बजेट ताणलं जात असेल, तर 8 जीबीच्या दोन पट्ट्या घ्या आणि पुढे बदला. एकच पट्टी मात्र घेऊ नका. दोन असल्या की प्रोसेसरला मेमरीचे दोन रस्ते मिळतात, आणि खेळांत तो फरक जाणवतो. चार खाचा असलेल्या मदरबोर्डवर या पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. घाईत शेजारीशेजारी बसवलेल्या पट्ट्या बऱ्याच संगणकांत बघायला मिळतात.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. कोटेशनमध्ये सर्वांत शेवटी लिहिला जाणारा आणि घासाघीस सुरू झाली की सर्वांत आधी हलका केला जाणारा हा भाग. बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको. बिघडलेला स्वस्त एसएमपीएस जाताना शेजाऱ्यांना घेऊन जाऊ शकतो. तुमच्या संगणकाचा हिशेब असा. 5060 कार्ड 145 वॅट, प्रोसेसर 90च्या आत, बाकी सगळं मिळून 50. नामांकित कंपनीचा 650 वॅटचा एसएमपीएस मुबलक झाला. 1000 वॅटचा घेऊन वीजबिल वाढत नाही, पण उपयोगही नाही. ‘80 प्लस’ ब्रॉन्झ किंवा गोल्ड हे शिक्के भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामी येते, एवढंच सांगतात. त्यावरून टिकाऊपणा कळत नाही, तो वॉरंटीच्या वर्षांवरून ताडावा. पाच ते दहा वर्षांची वॉरंटी देणारा माल घ्या.

आणि लाइट जाते तेव्हाचं काय? सहाशे व्हीएचा यूपीएस सहाशे वॅट देत नाही, साधारण 360च देतो. खेळ ऐन रंगात असताना संगणक आणि मॉनिटर मिळून 300च्या पुढे जातात, तेव्हा हजार व्हीए घ्या. घरात इन्व्हर्टर असेल आणि संगणक त्यावर टाकायचा विचार असेल, तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का हे आधी तपासा. चांगल्या एसएमपीएसमध्ये असलेल्या अॅक्टिव्ह पीएफसी सर्किटला चौकोनी लहरीची वीज मानवत नाही. संगणक गुणगुणतो किंवा लाइट गेल्याक्षणी बंदच पडतो. वायफायचा राउटरही त्याच यूपीएसवर घ्या, नाहीतर संगणक चालू आणि प्रक्षेपण बंद, अशी गत. वायरमनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंगही एकदा बघून घ्या. जुन्या वाड्यात राहत असाल, तर नक्कीच.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं निवडा. पुढे काच आणि आत सहा रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट फोटोत छान दिसतं, पण पुढूनच हवा येत नसेल तर ते पंखे आतली गरम हवाच घुसळत बसतात. मे महिन्यात कराडच्या खोलीत त्याचा निकाल लागतो. 7600 हा 65 वॅटच्या वर्गातला प्रोसेसर, त्याच्या खोक्यात कूलर येतो. पाण्याच्या कूलिंगचा खर्च टाळा.

तिसऱ्या कोटेशनमध्ये दिव्यांवर लावलेली रक्कम मायक्रोफोनकडे वळवा, असं मी आग्रहाने सांगेन. प्रेक्षक थोडं धूसर चित्र सहन करतात, पण घरघरणारा आवाज मिनिटभर ऐकून घेत नाहीत. आपल्या घरांत डोक्यावर सिलिंग फॅन, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी आणि खिडकीबाहेर भोंगे. संवेदनशील कंडेन्सर माइक हे सगळं इमानेइतबारे टिपतो. तोंडाजवळ धरून बोलायचा डायनॅमिक माइक अशा घरात बरा. उरलेली घरघर ओबीएसमधला नॉइज सप्रेशनचा फिल्टर बरीच कापतो. तो फुकट आहे, कारण ओबीएस स्वतःच फुकट आहे. ह्यू बेली यांनी 2012मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आज लहानमोठे असंख्य स्ट्रीमर वापरतात. कॅमेऱ्याला सुरुवातीला फोन चालेल. गप्पांची खिडकी बघायला दुसरा मॉनिटर लागतो, तो घरातला जुना कोणताही चालेल.

संगणक जुळून आला की एकदा पाठीमागे जाऊन बघा. मॉनिटरची वायर लावायला तिथे दोन जागा दिसतील. वरच्या बाजूला, यूएसबीच्या घोळक्यात, मदरबोर्डचं एचडीएमआय. खाली, आडव्या पट्टीवर, ग्राफिक्स कार्डाचं. हौसेने कार्ड घेऊन वायर वरच्या भोकात लावणारे कमी नाहीत. 7600मध्ये अंतर्गत ग्राफिक्स असल्याने चित्रही येतं, त्यामुळे शंका येत नाही. कार्ड बिचारं आत स्वस्थ बसून असतं, आणि खेळ रखडला की दोष प्रोसेसरला दिला जातो. वायर खाली लावा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर 144 हर्ट्झचा असेल तर तो खरंच तेवढ्यावर चालतोय का ते बघा, कारण पुष्कळदा तो 60वरच राहिलेला असतो. बायोसमध्ये रॅमचं ‘एक्स्पो’ हे सेटिंग चालू करा. त्याशिवाय 6000 वेगाची रॅम 4800वर चालत राहील. ही कामं फुकटची आहेत, पण ती राहून गेली तर हजारोंचा माल अर्ध्या ताकदीवर वापरला जातो.

मग पहिलं प्रक्षेपण. यूट्यूबवर ते ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे लिंक दिल्याशिवाय कोणाला दिसणार नाही. अर्धा तास खेळू द्या आणि ओबीएसमधली ‘स्टॅट्स’ची खिडकी उघडी ठेवा. तिथे हुकलेल्या फ्रेमच्या तीन ओळी असतात आणि तिघींचं दुखणं वेगळं. रेंडरिंग लॅगची ओळ वाढत असेल तर कार्ड शंभर टक्के खेळात गुंतलं आहे, ओबीएसला चित्र जुळवायला उसंत नाही. खेळाच्या फ्रेमवर मर्यादा घाला, सुटेल. एन्कोडिंग लॅग वाढत असेल तर बहुधा एन्कोडर चुकून एक्स-264वर राहिला आहे, तो एनव्हेंक करा. नेटवर्कची ओळ वाढत असेल तर संगणकाचा काही दोष नाही, अपलोड कमी पडतंय. संगणक घेतल्यानंतर ‘चालत नाही, आता काय बदलू?’ असं विचारणाऱ्या बहुतेकांना या तीन ओळींपैकी एकीत उत्तर सापडतं, आणि ते उत्तर बहुधा खरेदीचं नसतं.

अपलोडची गोष्ट तर खरेदीआधीच तपासता येते. इंटरनेटवाले जाहिरातीत डाउनलोडचा आकडा मोठा छापतात, पण तुमच्या मुलीला माहिती बाहेर पाठवायची आहे. 6 मेगाबिटच्या प्रक्षेपणाला अपलोड निदान 10 मेगाबिट हवं, तेही संध्याकाळी आठ-नऊ वाजता, सगळी गल्ली नेटवर असताना. तासाला 2.7 जीबी माहिती जाईल, हेही प्लॅनमध्ये धरा. संगणक वायफायवर न ठेवता वायरने राउटरला जोडा. घरात अपलोड चारच्या पुढे जात नसेल, तर 720पीवर समाधान मानावं लागेल. आय-नाइन घेतला तरी तेच.

प्रश्न : घरात चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह असलेला जुना संगणक आहे. त्यातच स्वस्त ग्राफिक्स कार्ड टाकून मुलाला स्ट्रीमिंग सुरू करून देता येईल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : करून बघता येईल, पण स्वस्त कार्ड कोणतं यावर सगळं अवलंबून आहे. जीटी 1030मध्ये एनव्हेंक मुळात नाहीच. एएमडीचं 2022चं आरएक्स 6500 एक्सटी खेळांना ठीकठाक आहे, पण त्यात एन्कोडर ठेवलेलाच नाही. शिवाय जुन्या मदरबोर्डवर ते आणखी मंदावतं. जीटीएक्स 1650 सुरुवातीला आलं ते जुन्या एन्कोडरसह, तर त्याच्याच ‘सुपर’ भावंडात ट्युरिंगचा चांगला एन्कोडर आहे. जुन्या बाजारात जीटीएक्स 1660 सुपर बरं मिळालं तर घ्या. 10 मालिकेतली कार्डं आता टाळा, कारण त्यांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणं कंपनीने 2025च्या ऑक्टोबरमध्ये थांबवलं.

मोठी अडचण प्रोसेसरची आहे. चौथ्या पिढीवर विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज 10चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यामुळे या संगणकात फार पैसे घालू नका. कार्ड असं घ्या, जे उद्या काढून नव्या संगणकात लावता येईल. जुना एसएमपीएस मात्र त्या कार्डाला वापरू नका.

प्रश्न : भाग ऑनलाइन घ्यावेत की लॅमिंग्टन रोडला जावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ऑनलाइनचे भाव घरी बघून ठेवा आणि मग ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा. प्रत्यक्ष दुकानात दोन गोष्टी मिळतात, जुळणी तिथेच करून चालू करून दाखवणं आणि बिघाड झाल्यास बोलायला समोर माणूस. जुळणी होताना तिथे उभे राहा. मदरबोर्डवरच्या सॉकेटच्या पिना वाकलेल्या नाहीत ना, कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली ना, एवढं तरी स्वतः बघा. ‘बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल’ असं कोणी म्हटलं तर दुकान बदला. बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण नाव, कार्डाची मेमरी आणि सिरियल नंबर लिहून घ्या. खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. दुरुस्तीला पाठवताना सिरियल नंबरचं लेबल मागतात, आणि ते बहुधा खोक्यावरही असतं.